तिथंच थांब

ओल्श्तिन, पोलंड
१८ एप्रिल

प्रिय बाबा,

तुमचे दोन्ही हात हातात घेते.

गुडघा कसा आहे? शेक घेताय ना? इथलं बर्फ एकदाचं वितळलं, करकोचेही परतलेत. तुम्ही पाठवलेलं चेचिल संपलं. त्या चीजच्या शेवटच्या दोऱ्या डॉक्टर व्हितोल्दनी एकट्यानं फस्त केल्या. "घरी असलं चीज असताना तुम्ही इथं काय करताय?" म्हणाले. आपल्या माराल गायीच्या दुधाचं ते शेवटचंच, हे मी त्यांना सांगितलं नाही.

बातमी अशी, की परवाना मिळाला. शिकायला आले तेव्हाचा परवाना नोव्हेंबरात संपला, तेव्हापासून कागद अडकून होते. आता डॉक्टरांच्या गुरांच्या दवाखान्याच्या नावावर तीन वर्षं काम करता येईल. डॉक्टरांनी स्वतः कचेरीत खेटे घातले. नोकरी सोडली तर मात्र परवानाही जातो. कार्ड घेऊन बाहेर पडलो तेव्हा ते म्हणाले, "आता पळून जायचं नाही हं!" मी हसले. गाडीत बसल्यावर ते हसू टिकलं नाही. त्यांनी रेडिओ लावला.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही लगेच हवापाण्यावर येता आणि मी रडवेली होते.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळबद्दल आपण अजून बोललेलो नाही. मी इथं परक्या माणसाच्या गोठ्यात फोन धरून उभी होते. तिकडे मारालचं डोकं तुमच्या मांडीवर, वासरू आडवं आलेलं, आणि शेजारच्या सिरवार्दमावशी बाह्या सरसावून बसलेल्या.

"आणखी आत, मावशी! पाय लागतोय का हाताला?"

"लागतंय काहीतरी! पाय की मान, देव जाणे!" मावशी ओरडल्या. "अख्ख्या गावानं तुला गुरांची डॉक्टर व्हायला धाडलं, आणि हात घालायचे या म्हातारीनं!"

"सिरवार्द, तोंड आवर," तुम्ही म्हणालात.

वासरू जगलं. माराल गेली. तुम्ही तिच्या कानामागे खाजवतच राहिलात, ती गेल्यावरसुद्धा.

"बाबा, मी येते. उद्याच निघते."

"आलीस तर परत तिकडे जाता येईल?"

परवाना हाती येण्याआधी देश सोडला, की परतीची वाट बंद. "नाही," मी म्हणाले.

"मग तिथंच थांब." आणि मग, अगदी सहज बोलावं तसं, "तुझ्या खोलीत यंदा गवत भरतो. तिथं ओल येत नाही."

बाबा, ती खोली तुम्ही माझ्या दवाखान्यासाठी बांधलीत. काळा दगड स्वतः घडवलात, औषधांसाठी भिंतीत कोनाडे ठेवलेत. गवताचं बोललात तेव्हा कळलं, की जे मी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं ते तुम्ही आधीच ओळखलंय.

मला इथलं काम आवडतं. वासरू अडलं, तर आम्ही पोट उघडून काढतो आणि संध्याकाळी गाय चाऱ्याला तोंड लावते. मालक माझी पाठ थोपटतो. मी टाके घालत असते, आणि प्रत्येक गायीच्या श्वासात मला आपला गोठा ऐकू येतो. मग हात धुवायला जाते आणि नळ बराच वेळ चालू ठेवते.

जूनमध्ये येते, महिनाभर. गावातल्या सगळ्या गुरांना लस टोचेन. अडलेलं वासरू कसं फिरवायचं ते मावशींना शिकवेन. शिव्या घालत का होईना, शिकतील. नवं वासरू पाहीन. रोज सकाळी तुमच्यासोबत कुरणावर येईन.

पण राहायला येत नाही, बाबा.

हे वाक्य लिहून मी कितीदा तरी खोडलं. आता ठेवते.

एक मागणं आहे. तुम्ही मला कधीच अडवलं नाहीत. शाळेसाठी शहरात, ग्युम्रीला निघाले तेव्हा नाही, इकडे यायला निघाले तेव्हाही नाही. या खेपेला मी निघाले, की सगळ्यांदेखत, मोठ्यानं, एकदा तरी "जाऊ नकोस" म्हणा. मी जाईनच. पण ते ऐकून जायचंय.

तुम्ही पाठवलेली,
तुमची नवार्द