गोजराबाईंना मी का मारलं

१२ जानेवारी, रविवार
एकपात्री स्पर्धेत लेखनाचं पहिलं बक्षीस. अभिनयाचं नाही मिळालं, पण अभिनय काय, कोणीही करतं. परीक्षक म्हणाले, लेखन आतून आलंय. येणारच. भूगावात राहायला आल्यापासून आठ वर्षं मी आतून खदखदतोय. दिवसा हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो म्हणून लोकांना दिसत नाही, इतकंच.

मृण्मयीनं अभिनंदन केलं आणि लगेच विचारलं, गोजराबाईंना सांगितलंस का. बायको असून असे प्रश्न.

मान्य, आमची सोसायटी गोजराबाईंच्या शेतावर उभी आहे. त्या रोज दूध घालायला येतात आणि दारात बोलत उभ्या राहतात. नवऱ्यानं न विचारता जमीन बिल्डरला द्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी आठ दिवस स्वयंपाकात मीठच घातलं नाही, हे त्यांनीच मला सांगितलं. एकपात्रीतले शब्दही बरेचसे त्यांचेच. पण 'मातीचा हुंदका' हे नाव माझं. शेवटी ती बाई शेतातली माती कपाळाला लावून प्राण सोडते, तो भाग तर संपूर्ण माझा.

स्पर्धेच्या फॉर्मवर 'स्वतंत्र' आणि 'आधारित' असे दोन चौकोन होते. मी 'स्वतंत्र'वर खूण केली. कलावंत स्वतंत्रच असतो.

संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठून कादंबरी.

१४ जानेवारी
थंडी फार. कादंबरी मनात चालू आहे.

गोजराबाईंनी तिळगूळ दिला. सांगणार होतो. पण बहात्तर वय, आनंदानं काही झालं तर? राहू दिलं.

१९ जानेवारी, रविवार
आयोजकांनी माझ्या प्रयोगाचा व्हिडिओ टाकला. दुपारपर्यंत उत्तम दिवस.

दुपारी गोजराबाईंची नात दिशा हिनं दुसरा व्हिडिओ टाकला. अर्ध्या स्क्रीनवर मी. उरलेल्या अर्ध्यात गोजराबाई, दोन वर्षांपूर्वी गोठ्यात बसून तीच मिठाची हकीकत सांगताना. वाक्याला वाक्य जुळतं. खाली दिशानं एवढंच लिहिलंय: लेखक कोण?

२० जानेवारी, सकाळी ८.१०, कंपनीच्या कॅबमध्ये
नऊ हजार लोकांनी पाहिलं. वादात सापडल्याशिवाय कलावंत मोठा होत नाही. मन शांत आहे. दर दोन मिनिटांनी बघतोय, ते फक्त अभ्यास म्हणून.

सगळ्यात जास्त लाइक मिळालेली कमेंट: 'आजी भारी. पण बाजूचे काका रडतायत का?' मी त्रेचाळीसचा आहे.

२१ जानेवारी
जाहीर निवेदन लिहिलं. चौदाशे शब्द. लोकस्मृती कोणा एकाची नसते, वगैरे. मृण्मयीनं शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, माफी कुठे आहे? म्हटलं, दोन ओळींच्या मध्ये. तिनं कागद उलटा करून मागची बाजू पाहिली.

२२ जानेवारी
ऑफिसात कुजबुज असणार म्हणून तयारीनं गेलो. कोणालाच काही माहीत नाही. लंचला मीच दोघांना सांगितलं की माझ्यावर गंभीर आरोप झालेत. एक म्हणाला, अरे, तू नाटक करतोस?

२४ जानेवारी
आयोजकांची मेल. तीन दिवसांत खुलासा द्या. हा तत्त्वाचा प्रश्न आहे, मी मागे हटणार नाही. संध्याकाळी एक संमतिपत्र टाइप केलं, 'माझी हकीकत वापरण्यास हरकत नाही', तारीख १ डिसेंबरची टाकली. केवळ औपचारिकता. ते घेऊन गोजराबाईंकडे गेलो.

वाटलं होतं, सही करून देतील. त्यांनी चष्मा शोधला आणि ओठ हलवत पूर्ण वाचलं. तारखेवर बोट ठेवलं. म्हणाल्या, ही खोटी हाय. मी टायपिंगची चूक म्हणालो. दिशा बाजूलाच बसली होती, काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मग गोजराबाई म्हणाल्या, "मिठाचं घेतलं ते घेतलं. पर मला मारलं कशापायी?"

मी शोकांतिकेविषयी थोडं बोललो. प्रेक्षकांना धक्का बसतो, वगैरे. त्या ऐकत होत्या.

"माती कोण लावतंय कपाळाला? नवव्या दिशी मालक म्हनले, मीठ घाल. मी म्हनलं, आदी कागदावर माझं नाव घाला. घातलं. मग मीठ घातलं. तुमाला दोनदा सांगितलं की ह्ये. तुमी मोबाईल बघत व्हता."

कागदाची घडी घातली. दारापर्यंत आल्यावर त्या मागून म्हणाल्या, "इचारलं असतं तर दिलं असतं."

घरी आलो. जेवलो नाही. भूक नव्हती.

२५ जानेवारी
निवेदन पुन्हा लिहिलं. 'हकीकत आणि शब्द गोजराबाईंचे आहेत. मी विचारलं नाही. खोटा शेवट तेवढा माझा. बक्षीस परत करतो.' मृण्मयीनं वाचलं. कागद उलटा केला नाही.

आता या प्रामाणिकपणाची चर्चा होईल. मुलाखत मागितली तर निळा कुर्ता.

२८ जानेवारी
सहा लाइक. एक माझा, एक मृण्मयीचा. कुर्ता पुन्हा कपाटात.

९ फेब्रुवारी, रविवार
२७ तारखेला, मराठी भाषा दिनाला, सोसायटीत कार्यक्रम आहे. गोजराबाईंकडे जाऊन विचारलं, खरा शेवट घालून मी सादर करू का? या वेळी आधी विचारलं. त्या म्हणाल्या, आदी मला करून दावा.

गोठ्यात करून दाखवलं. तिसऱ्या वाक्याला थांबवलं. म्हणाल्या, रडताय कशाला, मी कुटं रडले? पुन्हा केलं. पाचव्या वाक्याला थांबवलं. मग त्यांनी स्वतःच सांगायला सुरुवात केली आणि दूध काढायचं राहिलं. मोबाईल घरीच ठेवला होता. मीठ घातल्यावर पहिला घास घेऊन त्यांचे नव्वदीतले सासरे काय म्हणाले, हे मला आज पहिल्यांदा कळलं.

दिशा म्हणाली, आजीच करू दे की. मी तयार झालो. दिग्दर्शक म्हणून माझं नाव घालायचं सुचवलं. दोघी हसल्या. मी ते होकारार्थी घेतलं.

२७ फेब्रुवारी
कार्यक्रम झाला. मी लोकांना रडवायचो त्या जागांवर लोक हसत होते आणि शेवटी सगळे उभे राहिले. मीही.

पत्रिकेत माझं नाव नव्हतं, पण काम होतं. पडद्यामागे वही घेऊन उभं राहायचं आणि गोजराबाई कुठे विसरल्या तर वाक्य सांगायचं.

त्या एकदाही विसरल्या नाहीत.