बजरंगच्या कमरेचा दोर

उत्तरेश्वरदादा अन् वहिनीला मंजुषाचा नमस्कार. माझ्या लेकीला, करिष्माला, लई लई पापे.

आमी ऊसतोडीवर बरे हाओत. करिष्मा नीट जेवती का? फोन तुझ्या दाजींकडंच असतो, म्हणून गावाकडं निघालेल्या विमलबाईसंगं ही चिठ्ठी देते.

परवा कारखाना बंद व्हता, तर समदी टोळी टेम्पोनं समुद्र बघाय गेलती. आमच्या टोळीतल्या बजरंगला पोहायचं व्हतं. विहिरीत शिकताना बांधतेत तसा त्यानं कमरेला दोर बांधला अन् दुसरं टोक दाजींकडं दिलं. मोठी लाट आली तवा ते टोक वाळूत पडलं व्हतं, अन् दाजी मोबाईलवर स्वतःचा फोटो काढत व्हते.

बजरंग बुडाला, दादा.

पोलिसांना दाजी म्हणले, लाटेनं दोर हातातून हिसकला. मला म्हणले, "तू बी तसंच सांग." बजरंगची बायको त्यांचेच पाय धरून म्हणत व्हती, "भाऊजी, तुमी लई झटलात." त्यांनी पाय मागं घेतले न्हाईत.

माझी काळजी करू नको. वहिनीचा गुडघा कसा हाय?

उन्हाळ्यात दाजी करिष्माला विहिरीत पोहायला शिकवणार हाएत. तवा दोर तू धर. त्यांनी कितीबी मागितला तरी देऊ नको.

तुझी बहीण,
मंजुषा