डॉक्टरांच्या खुर्चीत आलेली देवी

७ जाने., मंगळवार
डॉ.कडे संमोहनाची दुसरी बैठक. दवाखाना घरापासून चालत दहा मिनिटं, म्हणून तर जाता येतं. सासूबाई सोबत. परका पुरुष बंद खोलीत सुनेला डोळे मिटायला लावणार म्हटल्यावर त्या घरी कशा बसतील? डॉ. म्हणाले, बसू द्या, फक्त मधे बोलायचं नाही. त्या कोपऱ्यात स्टुलावर, पिशवी मांडीवर.

वीसपासून उलटे आकडे. मग डॉ.चं एकच वाक्य, 'होईल, सगळं नीट होईल.' ते मी मागून म्हणायचं. मी शाळेत पोरांना मागून म्हणायला लावणारी बाई, हसू आलं. तरी खांदे सैल पडले. ऑगस्टनंतर पहिल्यांदाच.

१० जाने., शुक्रवार
मुख्याध्यापकांचा फोन. रजा दोनदा वाढवून दिली, आता नाही. ५ फेब्रु.ला अकराच्या आत हजर व्हा, नाहीतर कागद वर जाईल. म्हणजे नोकरी गेल्यात जमा. बारा वर्षांची.

शाळा चौदा किमी. त्याच रस्त्यावर ऑगस्टमध्ये आमची जीप उभ्या ट्रकला मागून धडकली. शेजारी बसलेल्या, शाळेतल्याच जाधव मॅडमनी माझ्या खांद्यावर डोकं टाकलं. मला वाटलं चक्कर आली, मी लोकांकडं पाणी मागत राहिले आणि त्या केव्हाच
नको. आज नाही लिहीत.

तेव्हापासून गाडीचं दार लागलं की छातीत धडधड, हात बधिर.

१३ जाने., सोमवार
शनिवारी तिसरी बैठक झाली. आज उमरगा स्टँडवर उभ्या एसटीत सात मिनिटं बसले. हे खाली खिडकीशी उभे. कंडक्टरनं विचारलं, कुठं जायचं बाई? म्हटलं, कुठंच नाही. तो बघतच राहिला. घरी येऊन भरपूर साखरेचा चहा केला. आनंद झाला, खरंच झाला.

१८ जाने., शनिवार
चौथी बैठक. वाटोळं झालं.

आज खोल गेले होते. डॉ.नी जीप आठवायला सांगितली, हळूहळू. रडू फुटलं. अंग मागंपुढं हलायला लागलं. डॉ. म्हणत होते, येऊ द्या, अडवू नका. तेवढ्यात बांगड्या वाजल्या. सासूबाई उठून समोर आलेल्या, हात जोडून.
"कोण आलीस माय? आई हायस का? माज्या मंगलच्या पदरात लेकरू पडंल का न्हाय?"
मंगल म्हणजे माझी नणंद. लग्नाला सहा वर्षं झालीत. आणि मी अजून डॉ.चंच वाक्य घोकत होते.
"होईल. सगळं नीट होईल."

डॉ.नी घाईघाईनं मला वर आणलं. डोळे उघडले तर सासूबाई पायावर डोकं ठेवून. माझ्या कपाळभर कुंकू. डबी त्यांच्या पिशवीत असतेच.

रस्त्यानं समजावलं. आत्या, ते डॉक्टरांचं वाक्य होतं. त्या म्हणाल्या, आई कुणाच्याबी तोंडानं बोलती.

२३ जाने., गुरुवार
मंगलचा नळदुर्गहून फोन. दिवस गेलेत. दुसरा महिना संपत आला म्हणे, म्हणजे माझ्या 'होईल'च्या कितीतरी आधीपासून. हे गणित घरात कुणालाच सोडवायचं नाही. त्यात संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवांचे दिवस. सासूबाई रोज चार घरी जातात. तिळगूळ थोडा वाटतात आणि माझ्या अंगात आई आल्याची बातमी जास्त.

२८ जाने., मंगळवार
देवीचा वार. सकाळी दारात पाच बायका. माझी ओटी भरली. एकीच्या पोराची पोलीसभरती, एकीचा गुडघा. मी हसून टाळलं तर म्हणे आज आई रुसलीय. शेवटी डोळे मिटले, सुटका तरी होईल म्हणून. 'होईल' म्हणाले. दुसरं येतंच काय मला?

संध्याकाळी डॉ. वीसपासून सुरू झाले, मी पंधरापर्यंतही पोचले नाही. डोळे मिटले की आता कोण काय विचारतंय त्याचीच वाट बघते. अंग आधीच हलायला लागतं. डॉ. थांबले. म्हणाले, सासूबाई बाहेर बसल्या तरच पुढं जाता येईल. सासूबाई म्हणाल्या, आईला एकटी सोडत नसतेत.

यांना सांगितलं. हे म्हणाले, "आई खूश हाय, लोक मान देतेत. तुझं काय जातंय त्यात?"
माझं काय जातंय.

३१ जाने., शुक्रवार
डॉ.नी चिठ्ठी दिली. सोलापूरला एक मॅडम आहेत, त्यांच्याकडं जा, इथं आता जमायचं नाही. सोलापूरला जायचं कशानं, ते चिठ्ठीत नाही. भांडावंसं वाटलं, पण भांडायचा जीवच राहिला नाही. आधी भीती होती, पण ती बरी व्हायची एक खुर्ची होती.

४ फेब्रु., मंगळवार, रथसप्तमी
उद्या शाळा. यांनी ओळखीची रिक्षा सांगून ठेवलीय. दातावर दात ठेवून चौदा किमी काढायचे असं ठरवलं होतं. मनापासून ठरवलं होतं.

दुपारी शेवटचं हळदीकुंकू. घर बायकांनी भरलेलं. मला पाटावर बसवलं. डोळे मिटले. वाटलं, कुणाचं तरी नेहमीचंच असेल. सासूबाई पुढं सरकल्या.
"आई, सुनंला उद्या गाडीत बसवू का नगं? तू म्हणशील तसं."

'बसव' म्हणाले असते तर मला अडवायची कुणाची टाप होती? सासूबाईंनीच हाताला धरून रिक्षात बसवलं असतं.
मी म्हणाले, "नको. धाडू नकोस तिला."

अंगात कुणी आलं नव्हतं. तो आवाज माझा होता, चांगला शुद्धीवरचा. फक्त ट्रकची मागची फळी दिसली आणि तोंडातून निघून गेलं. भ्याड आहे मी. बायकांनी आरती केली.

५ फेब्रु., बुधवार
रिक्षा आली होती. सासूबाईंनी परत पाठवली.

मी म्हटलं, आत्या, मी जाते. काल ते मीच बोलले, मी, रेखा. भीती वाटली म्हणून बोलले. त्यांनी दोन्ही कानांना हात लावले. चिडल्या नाहीत, उलट माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि उंबऱ्यात बसल्या.
"आईनं नगं म्हटलंय. आता तुझं कसं ऐकू, बाळा?"

हे कामावर गेले.

साडेदहा झालेत. मु.अ.चा फोन दोनदा येऊन गेला, आता परत वाजतोय. पर्स मांडीवर आहे. सासूबाई अजून उंबऱ्यातच.