हाताखालचा हात

लिंबायत, सुरत
९ मार्च २०२५

ती. नानांस,
धनश्रीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर कितीही ओरडलं तरी तुम्ही नुसतं हां हां म्हणून ठेवून देता. चाळीस वर्षं लूमच्या खडखडाटात गेलेल्या कानांशी काय भांडायचं, म्हणून हा कागद.

घरात युद्ध पेटलंय. अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, झाली की अक्षयला गावी न्यायचं, असं सासूबाईंनी परस्पर ठरवलं. त्यांचं म्हणणं, पोराला दिसत नाही ते एक असो, पण त्याला माणूससुद्धा कळत नाही. आई जवळ असली काय नि नसली काय, सारखंच. त्या सांभाळतील. मी पुन्हा साड्यांना टिकल्या लावायच्या कामावर जावं आणि दुसरं मूल होऊ द्यावं. भूपेंद्र खाली मान घालून जेवतात. सचिन गावातल्या मिलमध्ये बारा तास उभं राहून आलेल्या माणसाला किती बोलायचं? तरी मी बोललेच.

मुलगा देणार नाही, हे ठरलंय. पण नाना, आतून घाबरलेय. अकरा महिन्यांचा झाला. हसत खेळत असतो आणि मी खुळखुळा वाजवला की एकदम गप्प. मान खाली, तोंड मिटलेलं. आणखी दोनदा वाजवते, मग उठून कामाला लागते. दवाखान्यात सांगितलं की डोळ्यामागची नस जन्मापासून अशीच आहे, औषध नाही. त्याला वाढवायचं कसं, ते कोणी सांगितलं नाही. खरंच त्याला मी कळत नसेन तर? हे फक्त तुम्हाला विचारते.

उज्ज्वलावहिनींच्या मोबाईलवर त्याचा व्हिडिओ पाठवलाय, बघा. आहे ती माया राहू द्या, अक्षयवर जरा जास्त.

तुमची
धनश्री


पारोळा
१७ मार्च २०२५

चि. सौ. धनश्रीस,
नानाचे अनेक आशीर्वाद.

व्हिडिओ सात वेळा पाहिला. सूनबाई म्हणे, आवाज छान आलाय. मला त्याचा काय उपयोग! मी आपला त्याचे हात बघत बसलो. कारखान्यात आम्ही तेच करायचो. तिथे तोंडाचं बोलणं कोणालाच ऐकू जात नाही, समोरच्याचे हात बघायचे.

खुळखुळा वाजला तेव्हा त्याचं तोंड मिटलं, कबूल. पण उजव्या हाताची बोटं बघ. उघडतात, मिटतात, आवाजाच्या बाजूला वळतात. अगं, पोरगा ऐकतोय! लूमचा आवाज बदलला की मीही असाच खाली मान घालून उभा राहायचो, बिघाड कुठे आहे ते कानाने शोधायचो. शेठला वाटायचं, भटू उभ्या उभ्या झोपला. तुम्ही सगळे त्या शेठच्या जातकुळीतले. तो ऐकायला थांबतो आणि नेमकी तेव्हाच तू उठून जातेस. एवढी बारावी शिकलीस ती कशाला?

आता सांगतो तसं कर. तो गप्प झाला की तूही थांब. त्याचा हात धरून ओढू नको. नवीन माणसाला तुटलेल्या धाग्याची गाठ शिकवताना मी त्याची बोटं माझ्या हातावर ठेवायला सांगायचो. वरून हात दाबला की माणूस आखडतो, खाली हात असला की बरोबर येतो. वाटी असो, पाणी असो, तुझा हात त्याच्या हाताखाली पाहिजे.

विहीणबाईंना सांग, भटूची आंडेर, म्हणजे लेक, आपलं लेकरू देत नाही. त्यांना माझा नमस्कारही सांग. भांडण वेगळं, नमस्कार वेगळा. जपून राहा, पण दबून राहू नको.

तुझा
नाना


लिंबायत, सुरत
१३ एप्रिल २०२५

ती. नानांस,
शि. सा. न. वि. वि.

आठ दिवस काही झालं नाही. मी वाटी वाजवायची आणि बसून राहायची. सासूबाईंनी शेजारी सांगितलं की आता सूनही गेली कामातून. नवव्या दिवशी त्याची बोटं माझ्या मनगटावरून सरकत वाटीपर्यंत आली. मी वाटी तशीच धरून रडले. आता मी काहीही करत असले तरी त्याचा हात माझ्या हातावर असतो.

काल मात्र कहर झाला. गावाकडे जाणारी ओळखीची गाडी मिळाली म्हणून सासूबाईंनी आखाजीची वाटसुद्धा पाहिली नाही. अक्षयचे कपडे भरले, पिशवी दारात ठेवली. तो भिंतीशी बसला होता. भिंतीपलीकडे लूमचा कारखाना, दिवसभर ती थरथरते. तेवढ्यात लाइट गेली, लूम बंद पडले. अक्षय गप्प झाला. सासूबाई म्हणाल्या, बघ, झाला दगड. मी हलले नाही. त्याने चाचपत माझा हात शोधला, बोट धरून ओढलं आणि माझा तळवा भिंतीवर ठेवला. नाना, तो मला दाखवत होता! मी म्हटलं, हो रे राजा, बंद पडलं. लूम पुन्हा चालू झाले तसा तो माझ्याकडे तोंड करून खदखदून हसला.

सासूबाई म्हणाल्या, योगायोग. मी म्हटलं, "आई, काहीही म्हणा. पोरगं माझ्याशी बोललंय. ते इथून हलणार नाही." आणि पिशवी रिकामी केली. भूपेंद्र उठले आणि गाडीवाल्याला नाही सांगून आले. लग्नानंतर पहिल्यांदा ते आईच्या शब्दाबाहेर गेले.

आज सकाळी सासूबाई अक्षयजवळ येऊन बसल्या. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, हात वर ठेवायचा की खाली?

पत्राची वाट पाहते.

तुमची
धनश्री


पारोळा
२० एप्रिल २०२५

चि. सौ. धनश्रीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र उज्ज्वलाला दोनदा वाचायला दिलं. तिने डोळे पुसले, मी चष्मा पुसला.

आखाजीला लेकीने माहेरी यायचं अशी रीत आहे. यंदा बापच लेकीकडे येतोय. कोणाला काय म्हणायचं ते म्हणू दे, मला कुठे ऐकू येतंय! पुरणपोळ्या विहीणबाईंच्या हातच्या असू देत.

मला अक्षयशेजारी भिंतीजवळ जागा ठेव. लूम बंद पडले की तो मला सांगेल.

तुझा
नाना