ह्यांच्या सायकलची सीट

३ ऑगस्ट, रविवार
लॅबला सुट्टी, तरी सुई हातातच. किशोरभाऊजींनी पूर्णा गावातल्या त्यांच्या गोडाऊनमधला एक रिकामा गाळा कौस्तुभ सरांना दिला आहे. सर ठाण्याला फिजिओथेरपी शिकवतात. सायकलवाल्यांचा दम कुठल्या जोरावर कमी पडू लागतो, ते मोजायचं आहे. सायकल स्टँडवर घट्ट बसवलेली, जागच्या जागी चालवायची. दर थोड्या वेळाने जोर वाढवायचा, प्रत्येक वाढीला कानाच्या पाळीतून रक्ताचा एक थेंब. थेंब काढायला मी.

पहिला थेंब पुसून टाकायचा, दुसरा घ्यायचा. पहिल्यात घाम मिसळतो आणि लॅक्टेट, म्हणजे दम कमी पडला की रक्तात वाढतं ते, उगाच जास्त दिसतं.

कि. म्हणाले, "वयनी सकालपासून दोनच शब्द बोलली, 'हलू नका'." सगळे हसले. मीही.

आज इम्रान होता. पॉवरलूमवाल्यांचा मुलगा, ह्यांच्याबरोबर दर रविवारी सायकलवर जायचा. स्टँडवर ह्यांची निळी सायकल होती. त्याला सीट हलवावी लागली नाही, दोघांची उंची एकच. ह्यांनी सीटच्या दांड्याला लाल टेप गुंडाळून ठेवला आहे, माप चुकू नये म्हणून. अजून तसाच आहे.

निघताना कि. म्हणाले, वर्षश्राद्धाच्या आधी सगळ्यांनी अकलोलीला जाऊ, दादाच्या सायकलीसकट. हे दर वर्षी जायचे, तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात बसून यायचे. सायकल चालवणार कोण? इम्रान बघत होता. मागायला तोंड उघडत नव्हतं त्याचं.
मी म्हटलं, सांगते.

४ ऑगस्ट, सोमवार
संध्याकाळी कि. ची टेस्ट. काय झालं ते सरांनाही कळेना. जोर वाढतोय, लॅक्टेट जागचं हलत नाही. ज्या आकड्याला इम्रानने मान टाकली, तिथे कि. चा थेंब म्हणजे जणू सोफ्यावर बसलेत. सर दोनदा म्हणाले, "कमाल आहे." तिथेच चूक झाली. कि. ना असं दोनदा सांगायचं नसतं.

"वयनी, आकडा लिवलास ना नीट? मना फोटो काढून दे त्याचा."

७ ऑगस्ट, गुरुवार
लॅबमधून येताना नाक्यावर बॅनर. कि. गॉगल लावून, हात जोडून. "भिवंडीचा वाघ, लॅक्टेट किंग किशोरशेठ यांचे हार्दिक अभिनंदन." खाली शुभेच्छुकांचे सोळा फोटो, त्यात कोपऱ्यात मी! आधार कार्डावरचा फोटो.
रिक्षात बसून एकटीच हसत होते. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. किती दिवसांनी असं हसू आलं.

१० ऑगस्ट, रविवार
निर्मला भाजी द्यायला आली. कि. ची बायको, माझी धाकटी जाऊ. बोलायला लागली की कुकरची शिटीही ऐकू येत नाही.
"ताई, तुमचा वाघ सोमवारी रातचा चक्कर येऊन पडला मोरीत. श्रावणी सोमवार, फकस्त दोन केली खाल्लेली. आन आदल्या दिवशी सायकल घेऊन वाड्यापरत जाऊन आलेला. रातचा बी जेवला न्हाय, बोलतो दमलोय."

मी भाजीचा डबा हातात घेऊन उभीच. उपास!
लॅबमध्ये रोज प्रत्येक पेशंटला पहिला प्रश्न विचारते, काही खाल्लंय का. दिराला विचारलाच नाही.

सरांना फोन केला. ते हसत सुटले. शरीरात साखरेचा साठाच नसेल तर लॅक्टेट बनणार कुठून? वाघ नव्हता, टाकी रिकामी होती.

१३ ऑगस्ट, बुधवार
कि. ची टेस्ट परत. ह्या वेळी निर्मलाने समोर बसवून जेवू घातलं, मग दोन तास थांबून. ज्या जोराला लॅक्टेट चढलं, तो आकडा इम्रानच्या खाली. बराच खाली.
कि. टॉवेल डोक्यावर घेऊन बसले. मग म्हणाले, "बॅनर गणपतीपरत ऱ्हाऊ दे. पैसं भरल्यान मी."

सरांनी सगळ्यांना नियम सांगितला, उपासाच्या दिवशी टेस्ट नाही. मग कोणाचा सोमवार, कोणाचा शनिवार, कोणाची चतुर्थी. इम्रान म्हणाला, "सर, रमज़ान में तो आप पूरा महीना छुट्टी ले लो."

७ सप्टेंबर, रविवार
गणपती झाले. कि. कडे आलेला प्रत्येक पाहुणा बॅनरचं विचारून गेला. कि. आता सगळ्यांना सांगतात, ते जुनं हाय, नवा आकडा गुप्त हाय.

सरांची आता दुसरी पद्धत. बोलण्याची. रक्त काढायचंच, त्यासोबत प्रत्येक वाढीला शाळेतली प्रतिज्ञा मोठ्याने म्हणायची. आरामात म्हणता आली की दम कमी पडायच्या टप्प्याच्या आत. शब्द तुटायला लागले की टप्पा ओलांडला. सरांना बघायचंय, दोन्ही उत्तरं जुळतात का. मशीन नसलं तरी माणसाला आपला जोर कळावा.

इम्रान उर्दू शाळेचा, त्याने उर्दूत म्हटली. सरांना शब्द कळले नाहीत, दम कुठे लागला ते बरोबर कळलं. कि. तिसऱ्या ओळीलाच विसरले. दम लागून नाही, पाठच नव्हती.

सर म्हणाले, बाईमाणूस एकही नाही टेस्टला. निर्मलाने लगेच माझ्याकडे बोट दाखवलं.
कि. म्हणाले, "वयनीचा टप्पा कसा कलंल? ती तं बसल्या जागी बोलत न्हाय."
मी म्हटलं, बघू. ह्यांनी मला दोन वर्षं शिकवली होती सायकल, खाडीच्या बाजूच्या रस्त्यावर, माझ्या जुन्या सायकलवर. पण स्टँडला ह्यांचीच बसते. आणि सीट मला फार उंच. खाली करायची तर टेप काढावा लागणार, दांडा आत जात नाही त्याच्यामुळे.

१४ सप्टेंबर, रविवार
आज बसले.

आधी सीट. इम्रान पाना घेऊन उभा, हात लावेना. मी टेपकडे बघत होते. म्हणाला, "भाभी, दादा का नाप मेरी टांग में है. जब बोलोगी, वापस वहीं लगा दूंगा."
मग मीच नखाने टेप सोडवला. चिकट राहिलं थोडं. तोच टेप घंटीजवळ हँडलला गुंडाळला.

पहिला थेंब सरांनी काढला. हात जड आहे सरांचा. कान अजून दुखतोय.

ओढणी बांधून सुरुवात केली. प्रतिज्ञा म्हटली. सर म्हणाले, छान, अजून आरामात आहात. जोर वाढवला. परत म्हटली. परत वाढवला. तिसऱ्यांदा म्हणताना सरांनी सांगितलं, तेच तेच नको, काहीही बोला, फक्त थांबू नका.

काहीही.

मी म्हटलं, ह्यांना वांगं आवडायचं नाही. तिथून सुरू झालं. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात ह्यांनी वांग्याचं भरीत मागितलं, मला वाटलं तापात बोलतायत, मी नेलंच नाही. मग अकलोलीच्या कुंडातून आले की अंगाला गंधकाचा वास यायचा, मी टॉवेल वेगळा ठेवायचे, तो अजून धुतलेला नाही. मग ते घोरायचे ते. मग अजून काय काय. सगळं इथे लिहीत नाही.

कोणी थांबवेना. जोर सर वाढवत होते का, माहीत नाही. शेवटी माझाच दम संपला, वाक्य अर्धंच राहिलं. उतरले तर घामात की कशात चेहरा ओला.

सर हळूच म्हणाले, "मॅडम, शब्द कधी तुटले ते मी लिहायचंच विसरलो. पुढचे थेंबही घेतले नाहीत."
कि. नाक शिंकरून म्हणाले, "परत घेवा मंग. पन उपास नसताना."
सगळे हसले. मीपण, खूप.

१५ सप्टेंबर, सोमवार
जिना उतरताना मांड्या ओरडतायत. लॅबमध्ये एका आजोबांनी विचारलं, बाई, तुम्हाला संधिवात कधीपासून? रात्री झोप मस्त लागली होती. संध्याकाळी भरीत केलं. एकटीने खाल्लं, दोन भाकऱ्या.

२८ सप्टेंबर, रविवार
ह्यांच्या सायकलवर रस्त्यावर पहिल्यांदा, सीट खालीच. कि., इम्रान, मी. पहाटे ट्रेलर कमी असतात, खड्डे तेवढेच. अंबाडी नाक्यापर्यंत गेले. सरांनी सांगितल्याप्रमाणे बोलत बोलत चालवायची, बोलणं तुटलं की हळू. कि. म्हणाले, "वयनी, येवडी बोलशील तं मना वेग कमी करावा लागंल." त्यांना दम लागला होता, सांगत नव्हते.

चहाच्या टपरीवर इम्रानने निळ्या सायकलवरचा चिखल त्याच्या रुमालाने पुसला. चाकांच्या तारासुद्धा. मला विचारलं काही नाही. त्याच्या स्वतःच्या सायकलचा गिअर दर चढाला घसरतो.
ह्यांनी कोणाला दिली असती, ते मला माहीत आहे. त्यालाच. पण ह्यांनी मला शिकवलीही होती.

११ ऑक्टोबर, शनिवार
उद्या अकलोली. पुढच्या आठवड्यात वर्षश्राद्ध. सायकल उद्या कोण नेणार, अजून कोणाला सांगितलेलं नाही. मलाही नाही. सरांच्या कागदावर माझ्या नावापुढे अजून रिकामं आहे, म्हणाले दिवाळीनंतर नीट घेऊ.
टॉवेल धुतला. गंधकाचा वास थोडा आहेच. पिशवीत घातला.

१२ ऑक्टोबर, रविवार
निघण्याआधी दोन ओळी. खाली कि. घसा फोडून हाका मारतायत, निर्मला टेम्पोत पुरणपोळ्यांचे डबे रचतेय. इम्रान स्वतःची घसरणारी सायकल घेऊन आलाय. "मैं अपनी ले आया भाभी. आप आराम से सोचो."
निळी सायकल जिन्याशी टेकवली आहे, सीट माझ्या उंचीला. अंबाडीपर्यंत मी. त्याच्या पुढे चढ आहे, तिथे बोलता आलं तर ठीक, नाहीतर सीट परत वर.
पाना टॉवेलच्या पिशवीत टाकला. इम्रानला दिसेल असा, वर.