पॉलिनचा पहिला शब्द

१४ जून १९८२, सोमवार

नाव खोडलं! माझ्या डोळ्यांदेखत. बळीरामभाऊ बालवाडी समितीचे अध्यक्ष, त्यांच्यापुढे बोलायचं कुणी? पाचूबंदरच्या रोझीची मुलगी, पॉलिन. साडेचार वर्षांची. बोलत नाही, उजवी मूठ उघडत नाही, लाळ गळते. भाऊ म्हणाले, "बाई, ही बालवाडी आहे, दवाखाना नव्हे."

रोझी मासळीची पाटी दाराशी ठेवून आली होती. पोरीचं तोंड पदरानं पुसलं आणि गेली. मी नुसती उभी. अकरा वर्षं शिकवतेय, आणि गप्प!

१५ जून

झोप लागली नाही. सकाळी जाऊन नाव परत लिहिलं. भाऊंना म्हटलं, दिवाळीपर्यंत द्या. नाही जमलं तर मीच काढीन.

८ जुलै, गुरुवार

मुंबईच्या इस्पितळात जाऊन आलो. रोझी, मी आणि तिचा नवरा पीटर. होड्या अजून किनाऱ्यावर ओढलेल्या, म्हणून तो मोकळा. पोरीला सबंध वाट कडेवरून उतरवलं नाही त्यानं.

शेजारी शेजारी दोन दारं. एकावर स्पीच थेरपी, दुसऱ्यावर ऑक्युपेशनल थेरपी. एक बाई बोलणं शिकवतात, दुसऱ्या बाई हाताला काम करायला शिकवतात. दोघींनी तपासलं. कान चांगले. जन्मताना जीव गुदमरला, त्यामुळे ओठ, जीभ, हात नीट चालत नाहीत. "पण कळतं तिला सगळं."

हे ऐकल्यावर रोझी रडायलाच लागली. "आमी तिच्यासमोर काय काय बोललो, बाई! मरत का नाय म्हनून बोललो."

महिन्यातून एकदा इथं आणून फारसं होणार नाही म्हणाल्या. रोज व्हायला हवं, तुमच्या वर्गातच. कसं करायचं ते दाखवलं. फुंकणं, चोखणं, चिमटीत धरणं. चमच्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळायची, म्हणजे मुठीत बसतो. बोलण्यात ओठांचे आवाज आधी — प, ब, म.

परतताना पीटर म्हणाला, "मंग पयला शब्द माझा. पापा!"

१२ जुलै

फसलं. तिला कोपऱ्यात घेऊन फुंकायला लावलं, तर बाकीची मुलं खेळ सोडून बघत बसली. तिनं फ्रॉक तोंडावर ओढला, तो वर्ग सुटेपर्यंत काढला नाही.

मग एकटीनं का? सगळ्यांनीच करायचं.

१९ जुलै

आमच्या वाडीतून पपईच्या पानांचे पोकळ देठ नेले, धुऊन वाळवून. बावीस पोरं साबणाच्या पाण्यात फुंकतायत! खोली फेसानं भरली. जेम्सनं पाणी प्यायलं, ओकला. पॉलिनचा एक बुडबुडा. एवढासा. पण तिचा.

१० ऑगस्ट

मथुराबाई आज वर्गातच ओरडल्या. "आमची पोरगी काय फुगे उडवायला पाठवतो? पाटी कधी धरणार ती? आणि त्या पोरीचं बघून माझी पण तशीच लाळ गाळायला लागली." गाळते खरी, नक्कल करते. मला हसू आलं आणि तेच नडलं. पाच मुलं यायची बंद झाली. भाऊंनी फक्त विचारलं, "दिवाळी कधी आहे, बाई?"

३ सप्टेंबर

मूठ उघडली! शिंपले वेचत होतो. एक उचलला, माझ्या हातावर ठेवला. परत उचलला, परत ठेवला. दहा मिनिटं लागली. माझा हात अवघडला, पण हलवला नाही.

२९ सप्टेंबर

"प." नुसताच प. ओठ मिटतायत आता. पीटर समुद्रावर असतो. रोझी म्हणते त्याला सांगायचं नाही, पुरा शब्द आल्यावरच.

८ नोव्हेंबर, सोमवार

कालपासून वारा. कौलं हलतायत. वर्गात चौदाच मुलं.

आणि ती बोलली! दाराकडे बघून, स्पष्ट — "पापा." मुलांनी टाळ्या वाजवल्या. परत म्हणाली. तिला उचललं आणि तशीच पाचूबंदरला पळत सुटले.

बायका किनाऱ्यावर उभ्या होत्या. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. तीन होड्या आल्या नव्हत्या. रोझीला शब्द सांगायचाच राहिला. पॉलिननंच सांगितला, माझ्या कडेवरून. दोनदा.

११ नोव्हेंबर

दोन होड्या सातपाटीला लागल्या. पीटरची नाही.

१८ नोव्हेंबर

फळ्या मिळाल्या. तो नाही. आज चर्चमध्ये त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा झाली. पुरायला काहीच नाही.

घरी गेले. रोझी काळ्या कपड्यांत, भिंतीला टेकून. पॉलिन मला बघून धडपडत आली, "पापा, पापा" करत. पीटरची आई, रेजिनामाय, उठली आणि तिच्या तोंडावर हात दाबला.

"चार वर्सं मुकी व्हती, माझा लेक जिवंत व्हता. तोंड उघडलं नि बापाला गिळलं. कोनी सांगितलं व्हतं तुला, बाई?"

म्हातारीचा एकुलता एक.

रोझीनं मान वर केली नाही.

२६ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली. पॉलिन नाही. तीनदा जाऊन आले, दार लावलेलं. शेजारीण सांगते, ओठ हलले की म्हातारी मारते. पोर पुन्हा गप्प झाली. मूठही मिटलेली.

सारखं मनात येतं, दुसरा शब्द शिकवला असता तर? पाव. बस. प, ब, म-नं सुरू होणारे पन्नास शब्द होते!

३० नोव्हेंबर

भाऊंना दिवाळीपर्यंतचा शब्द दिला होता. वहीतलं नाव मीच खोडलं. भाऊ म्हणाले, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." सरळ तोंडावर वही मारावीशी वाटली. मारली नाही. बंद केली, कपाटात ठेवली.

७ डिसेंबर

मुलं गेल्यावर रोझी आली. एकटीच. दार लोटून घेतलं आणि मुलांच्या चटईवर मांडी घालून बसली.

"सासू दुपारी मासळी घेऊन बाजारात जाते. तवा घरात आमी दोघीच. मला शिकव, बाई. समदं."