शेवटच्या झाडापर्यंतची तपासणी

आबा,

तुम्ही गेलात तेव्हा माझी धाकटी दोन वर्षांची होती. आता ती जळगावला माझ्याजवळ राहूनच पुण्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम करते. रोज साडेनऊला त्यांची मीटिंग असते, काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय. तेव्हा माझी पूजा चालू असते, म्हणून मी घंटी वाजवत नाही. देवाला चालतं असं धरून चालले आहे. दर दोन आठवड्यांनी झालं तेवढं काम गिऱ्हाईकाला दाखवायचं, तो सांगेल तसं पुढचं बदलायचं, ही त्यांची पद्धत. तिनं समजावलं तेव्हा मी म्हटलं, अगं, तुझे आजोबा दुसरं काय करायचे?

दहावी झाल्यावर तुम्ही मला वही लिहायला सोबत न्यायचात, सावद्याकडे केळीच्या बागांना ठिबक बसवायला. सगळं शेत उकरून ठेवायचं नाही. पहिल्या दिवशी चार ओळी पुऱ्या करून पाणी सोडायचं, मालकानं बघून बदल सांगायचा. पण ओळ पुरी कधी, तर नळीचं टोक उघडून गाळ काढला आणि मी शेवटच्या झाडापर्यंत चालत जाऊन, प्रत्येक ड्रीपर ठिबकतो का बघून वहीत खूण केली, की मग. एक मालक बांधावरून हसला, "आबा, पोरीले कायले उन्हात चालवता? पानी तं येऊ राह्यलं!" तुम्ही म्हणालात, "तुमाले इथं दिसू राह्यलं. शेवटच्या झाडाले इचारलं का?"

गेल्या महिन्यात धाकटी जेवताना ताट सरकवून बसली. दर दोन आठवड्यांच्या खेपेला नवं दाखवायची घाई, म्हणून नव्या कामासोबत ते नीट चालतं का बघणाऱ्या तपासण्या लिहायच्या, त्या तीन खेपा राहिल्या होत्या. आता नवं जोडलं की जुनं बंद पडायचं, आणि कुठून ते कळायचं नाही. "आणि आई, त्यातल्या दोन कामांवर तपासलं म्हणून मीच खूण केलीय. न तपासता." तिला नोकरीत कायम करायचं की नाही ते त्याच आठवड्यात ठरणार होतं. "सांगितलं तर गेलंच समज." मी ताट पुन्हा पुढे केलं. अन्न टाकलेलं मला खपत नाही.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये तिनं पंधरा जणांसमोर सांगून टाकलं. मी देवघरात वात हातात धरून उभी. साहेब म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलं?" "भीती वाटली, सर." मग ठरलं, या खेपेला एकच लहान गोष्ट दाखवायची, तीही तपासणीसकट, उरलेले दिवस मागचं नीट करायचं. कायम करणं सहा महिने लांबलं. त्या दिवशी ती दोन पोळ्या जास्त जेवली.

आबा, त्या हसणाऱ्या मालकाच्या शेवटच्या तीन ओळी मी चाललेच नव्हते. पाय भाजत होते. विहिरीपाशी सावलीत बसून खुणा केल्या. पुढे टोकाची झाडं वाळली आणि चार माणसांत तो तुम्हाला नुसतं दाखवण्यापुरतं काम करता म्हणाला. तुम्ही वही उघडलीत. "माझ्या पोरीनं पाह्यलं व्हतं. नळीतच खोट असंल." नळ्या पदरच्या बदलून दिल्यात. मी शेजारीच उभी होते. त्यानंतर तुम्ही वीस वर्षं होतात.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, ठाऊक आहे मला. परवा धाकटीनं विचारलं, "आजोबांच्या हाताखाली तू कधी चुकलीस का गं?"

मी नाही म्हटलं.